जोडीनं ठेवलेले साप

साप जोडीनं ठेवले तर चालतात का, असं पावसाळ्यात मला हमखास कोणीतरी विचारतं. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांच्या घरात साप निघालाय आणि मी तो बरणीत घेतलाय. त्यांना वाटतं, याचा जोडीदार मागे राहिला, तो शोधत येईल, तेव्हा त्यालाही पकडा आणि दोघांना सोबतच न्या. दुसरे, ज्यांनी चांगले पैसे मोजून परदेशी साप आणलाय आणि आता त्याला करमत नसेल म्हणून दुसरा आणायच्या बेतात आहेत. पहिल्यांचं वय बहुधा साठीच्या पुढे, दुसऱ्यांचं तिशीच्या आत. उत्तर दोघांनाही एकच देतो, नाही. पण नुसत्या 'नाही'नं कोणाचं समाधान होत नाही, असा अनुभव आहे.

माझं नागपुरात नंदनवनला औषधांचं दुकान आहे. साप पकडायला शिकलो ते कॉलेजात असताना, एका ज्येष्ठ सर्पमित्राच्या मागे बॅटरी धरून हिंडत. तेव्हा हुडकेश्वर, बेसा, बेलतरोडी हा सगळा शेतांचा भाग होता. पुढे तिथे ले-आउट पडले, बंगले उठले, धुऱ्यावरचे उंदीर बंगल्यांच्या आवारात आले आणि उंदरांमागे साप आले. मृगाचा पाऊस पडला की फोन सुरू होतात. एका रात्रीत दोन-तीन ठिकाणी धावावं लागतं. मध्यरात्री पकडलेला साप त्याच वेळी जंगलात नेऊन सोडणं दरवेळी जमत नाही. मग वन विभागाला कळवायचं आणि सकाळपर्यंत साप दुकानामागच्या खोलीत ठेवायचा. झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बरण्या असतात, फरसाणाच्या दुकानातून आणलेल्या. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, कुठला, किती वाजता, कोणता. जखमी असेल तर सकाळी सेमिनरी हिल्सवर वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला नेतो.

ज्यांच्याकडे शिकलो त्यांचा एक नियम कडक होता, एका बरणीत एकच साप. बरण्या संपल्या तर उशीची खोळ घ्यायची, खोळ नसली तर घरमालकाकडे डबा मागायचा, पण दोन साप एकत्र टाकायचे नाहीत. कारण ते सांगत बसत नसत. तसा त्यांचा स्वभावच नव्हता. ते कारण मी पुढे डोळ्यांनी पाहिलं.

आमच्याबरोबर एक नवा मुलगा यायचा. हौशी आणि चपळ, फक्त घाई फार. एका रात्री वाठोड्याकडच्या एका बांधकामावरून त्यानं दोन साप आणले. दोन्ही काळपट, दोन्हींच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे. "दोनी कवडेच हायेत जी, एकाच बरणीत बसवले," म्हणाला. रात्री उशीर झाला होता, तो बरणी खोलीत ठेवून गेला. सकाळी मी उघडण्याआधी बाहेरूनच पाहिलं तर आत एकच साप, आणि त्याचं पोट मधोमध चांगलंच जाड झालेलं. तो कवड्या नव्हता, मण्यार होता. कवड्या त्याच्या पोटात होता.

हा घोटाळा नागपुरात दर पावसाळ्यात कोणाचा ना कोणाचा होतो. कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्याराचं उलटं. मानेपाशी पट्टे नसतात किंवा अगदी फिके असतात आणि मागे शेपटीपर्यंत स्पष्ट होत जातात. शिवाय त्याच्या पाठीच्या मध्यावरून मोठ्या, षटकोनी खवल्यांची रांग जाते. पण रात्री, बॅटरीच्या उजेडात, पावसात, एवढं कोण निरखतो? मण्यार निशाचर, त्याचा दंश अनेकदा दुखतही नाही, आणि त्याच्या आहारात दुसरे साप हे नेहमीचं अन्न आहे. कवड्या तर त्याचा आवडता. त्या मुलानं एका बरणीत साप आणि त्याचं जेवण एकत्र ठेवलं होतं. सुदैव एवढंच, की बरणी बंद करताना त्याच्या बोटांपाशी मण्यारानं तोंड वळवलं नाही. त्या सकाळी त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आता तो चांगला सर्पमित्र आहे आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी खवले मोजायला बसवतो.

साप सापाला खातो हे ऐकून शहरातली माणसं चमकतात. पण ही काही विकृती नाही, कित्येक जातींचा तो रोजचा आहार आहे. नागराज तर मुख्यतः सापांवरच जगतो. आपल्या पूर्व विदर्भात, गोंदिया-गडचिरोलीकडे, काळे-पिवळे पट्टे असलेला पट्टेरी मण्यार सापडतो, तोही सापच खातो. साधा नागसुद्धा उंदीर-बेडकांबरोबर साप खातो, प्रसंगी आपल्याच जातीचा लहान नागही. म्हणजे 'एकाच जातीचे आहेत, काही होत नाही' ही समजूतही धरून चालत नाही. आकारात फरक असला की जात विसरली जाते.

दुसरा प्रसंग कामठीच्या पुढच्या एका गावातला. फोन आला, "भाऊ, नाग-नागिनची जोडी सापडली, ड्रममधे बंद करून ठेवली, लवकर या." गेलो तेव्हा आवारात चाळीस-पन्नास माणसं, ड्रमला हळद-कुंकू लागलेलं, वर कोणीतरी फुलं ठेवलेली. पकडली कशी, तर गोदामात पोती हलवताना दोन्ही एकाच कोपऱ्यात दिसली म्हणून काठीनं ढकलत ड्रममध्ये घातली. झाकण सारलं आणि आत बॅटरी मारली. नाग होता, चांगला साडेचार फुटी. 'नागीण' म्हणजे एक लहान धामण होती, तीनेक फुटांची. तिची शेपटी तेवढी नागाच्या जबड्याबाहेर होती.

लोकांना मी काय सांगणार? धामण ही नागाची मादी असते, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. नागाला स्वतःच्या जातीची मादी असते, धामणीला तिच्या जातीचा नर असतो, दोन्ही जातींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे शाळेतल्या व्याख्यानात मी दरवेळी सांगतो आणि मुलं घरी जाऊन आजीचंच ऐकतात. गोदामात दोघं एकत्र आले ते उंदरांसाठी. तिथे धान्य होतं, धान्याला उंदीर होते, कोपऱ्यात पोत्यांचा आडोसा होता. दोघांनाही तीच जागा सोयीची. मोकळ्या गोदामात धामण त्याच्यापासून सहज निसटली असती, कारण ती नागापेक्षा कितीतरी वेगवान असते. ड्रममध्ये तिला पळायला जागाच नव्हती.

गर्दीचा आरडाओरडा, बॅटरीचा झोत आणि ड्रमचा हेलकावा यानं नाग बिथरला आणि त्यानं गिळलेली धामण परत ओकली. सापाला धोका वाटला की तो पोटातलं टाकून देतो, हलकं होऊन पळता यावं म्हणून. धामण मेलेली होती. नागाचंही जेवण गेलं. एक म्हातारी आई मला म्हणाली, "बाप्पा, घरधन्यानंच खाल्लं का तिले?" मी काहीच बोललो नाही. नाग बरणीत घेतला आणि निघालो.

हे जोडीचं प्रकरण आपल्या डोक्यात फार खोल बसलंय. एका सापाला मारलं की दुसरा सूड घ्यायला येतो ही समजूत जुनीच, त्यावर १९७६ च्या 'नागिन' सिनेमानं आणखी रंग चढवला. साप आपल्या जोडीदाराला ओळखून आयुष्यभर त्याच्याबरोबर राहतो, असं आपल्याकडच्या कोणत्याही सापाबाबत नाही. विणीचा काळ संपला की नर त्याच्या वाटेनं, मादी तिच्या. शेतात दोन धामणी एकमेकांना पीळ घालून अर्धं अंग उभारून डोलताना दिसल्या की आपले लोक त्यांच्यावर नवं कापड टाकतात आणि ते घडी करून कपाटात ठेवतात, घरात बरकत येते म्हणून. बहुतेक वेळा ते मीलन नसतं, दोन नरांची झुंज असते. एकमेकांना जमिनीवर दाबायचं, ज्याचं डोकं खाली गेलं तो हरला. हरलेला निघून जातो. चावाचावी सहसा होत नाही, कोणी मरत नाही, कारण हरलेल्याला जायला अख्खं शिवार मोकळं असतं. सापांच्या भांडणाचा निकाल असा जागेनं लागतो. पेटीत बंद केलं की हरलेल्यानं जायचं कुठे?

आता दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नकर्त्यांकडे वळतो, कारण गेल्या काही वर्षांत त्यांची संख्या वाढलीय.

मनीषनगरच्या एका फ्लॅटमधून फोन आला. साप निघाला नव्हता, पाळलेला होता. मुलगा आयटीत काम करणारा, सभ्य, नीटनेटका. त्याच्याकडे दोन बॉल पायथन होते, आफ्रिकेतले लहान अजगर. एक त्यानं आधी घेतला, वर्षभरानं दुसरा, 'मादी आहे, जोडी होईल' असं विकणाऱ्यानं सांगितल्यावरून. दोघं एकाच काचेच्या पेटीत होते. तक्रार अशी की, लहान अजगर दीड-दोन महिने काही खात नव्हता. "पण दोघांचं फार जमतं काका," मुलानं मोबाइलवर फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत मोठा अजगर लहानाच्या अंगावर वेटोळं घालून बसलेला. "कायम असेच कडल करतात."

मी पेटीसमोर बराच वेळ बसलो. पेटीत लपायला एकच खोका, गरम पॅड एकाच कोपऱ्यात, पाण्याचं भांडं एकच. मोठा त्या खोक्यात, पॅडच्या वर. लहानाला खोक्यात शिरायचं तर मोठ्याच्या खाली शिरण्याशिवाय मार्ग नाही, आणि उघड्यावर थांबायची त्याची तयारी नाही, कारण उघड्यावर राहणं म्हणजे शिकार होणं, हे त्याच्या रक्तात आहे. मुलाला जे प्रेम दिसत होतं ती जागेसाठी मुकी दांडगाई होती. साप ओरडत नाही, कण्हत नाही, चेहरा पाडत नाही. त्याचा त्रास ओळखायच्या खुणा थोड्याच असतात. तो खाणं सोडतो, सारखा काचेवर नाक घासतो, कात तुकड्यातुकड्यांनी टाकतो, वजन उतरतं. त्या मुलाकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा होता, पण सापाचं वजन त्यानं कधी केलेलंच नव्हतं. केलं तेव्हा दोघांतला फरक पाहून तो गप्प झाला.

पाण्याच्या भांड्याच्या तळाशी बारीक काळे ठिपके होते. बोटानं चिरडले तर लाल डाग. गोचिडीच्या जातीतले सूक्ष्म किडे, सापांचे माइट. खवल्यांच्या खाली, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीच्या खाचेत बसून रक्त शोषतात. अंडी मात्र अंगावर घालत नाहीत, पेटीच्या फटीत, भुशाखाली घालतात. म्हणून साप कितीही धुतला तरी पेटी तशीच ठेवली तर काही दिवसांत पुन्हा तेच. दुसरा साप बाजारातून आणून थेट पहिल्याच्या पेटीत सोडला होता, तेव्हाच हे पाहुणे आले असणार. नवा साप किमान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवायचा, त्याला हाताळल्यावर हात धुऊनच जुन्याकडे जायचं, ही जाणत्या पाळणाऱ्यांची रीत आहे. विकणारा हे सांगत नाही. सांगितलं तर दुसरा साप खपणार कसा?

माइट तरी डोळ्यांना दिसतात, न दिसणारे रोग जास्त वाईट. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी सापाच्या जठरात घर करतो. साप खाल्लेलं ओकतो, पोटाच्या मध्यावर फुगवटा दिसतो, हळूहळू तो खंगत जातो. त्यावर खात्रीचा इलाज नाही, विष्ठेतून तो पसरतो आणि नेहमीच्या फिनाइल-डेटॉलला दाद देत नाही. बोआ आणि अजगरांमध्ये 'इन्क्लूजन बॉडी डिसीज' नावाचा विषाणूजन्य रोग आहे. २०१२ मध्ये संशोधकांनी त्यामागे अरेनाव्हायरस असल्याचं दाखवलं. बोआ हा विषाणू अंगात घेऊन वर्षानुवर्षं धडधाकट दिसू शकतो, अजगराला मात्र तो लवकर लोळवतो, मान वाकडी होते, तोल जातो. म्हणजे हौसेनं एक बोआ आणि एक अजगर शेजारी ठेवले की निरोगी दिसणाराच दुसऱ्याचा काळ ठरू शकतो. आमच्या दुकानात माणसांची औषधं मिळतात, यातल्या कशावरही द्यावं असं काही माझ्या कपाटात नाही.

एकत्र ठेवण्यातली आणखी एक अडचण फार साधी आहे आणि तीच लक्षात येत नाही. पेटीत ओकारी दिसली तर ती कोणी केली? विष्ठेत रक्त दिसलं तर ते कोणाचं? साप दोन असले तर उत्तर मिळत नाही. पशुवैद्याकडे नेताना दोघांनाही न्यावं लागतं, आणि सापावर उपचार करणारा पशुवैद्य शोधणं नागपुरातही सोपं नाही.

खाऊ घालण्याचं विचारलं तर मुलगा म्हणाला, पेटीतच टाकतो, दोघांना दोन उंदीर. मी म्हटलं, दोघांनी एकच उंदीर धरला तर? "अजून तसं झालं नाही." दुसरीकडे झालेलं मी पाहिलंय. उंदराच्या एका टोकाला एक तोंड, दुसऱ्या टोकाला दुसरं. सापाचे दात आत वळलेले असतात, एकदा गिळायला लागला की मागे येणं त्याला जड जातं. दोघं गिळत गिळत मध्यावर भेटतात आणि मोठ्याचा जबडा लहानाच्या डोक्यावरून पुढे सरकतो. त्याला राग आलेला नसतो. तोंडात उंदराचा वास आहे, म्हणजे हा उंदीरच, एवढंच त्याला कळतं. त्या वेळी थंड पाणी ओतून दोघं सोडवले, पण लहानाच्या टाळूला जखम झाली, तिथे पू धरला आणि पुढे तो बराच काळ खाऊ शकला नाही. वेगळं खाऊ घातलं तरी लगेच एकत्र करायचं नसतं. ज्याच्या तोंडाला उंदराचा वास आहे तो दुसऱ्याला शिकार वाटतो.

त्यात आपलं हवामान. नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्यांना काय सांगावं! मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. सापाला गरम लागतं म्हणून मे महिन्यातही पॅड चालू ठेवणारे मी पाहिलेत. पेटीतलं तापमान पस्तिशीच्या वर बराच वेळ राहिलं तर बॉल पायथन तग धरत नाही. कूलर लावला तर उलट बरं. तापमान उतरतं, खसच्या ताट्यांतून दमट हवा येते आणि कोरड्या उन्हाळ्यात अडकलेली कात सुटायला मदत होते. पण वीज गेली की पेटीत थंड कोपरा एकच उरतो. थंडीत याच्या उलट. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे पारा दहाच्या खाली जातो, आणि मग गरम कोपरा एकच. दोन्ही ऋतूंत त्या एका कोपऱ्यावर मोठ्याचा ताबा. दुर्बळ साप गारठत राहतो, पोटातलं पचत नाही, छाती भरते, तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागतो. जोडी मोडण्याचं पत्रिकेतल्या ग्रहांपेक्षा हेच कारण जास्त वेळा पाहिलंय मी.

मनीषनगरच्या त्या मुलाकडे दोन पेट्या झाल्यावर लहान अजगरानं काही आठवड्यांतच उंदीर घेतला. माइट जायला मात्र बरेच महिने लागले, दर वेळी संपले वाटायचं आणि पुन्हा दिसायचे. पुढे पशुवैद्यानं लिंग तपासलं तेव्हा कळलं, दोघंही नर.

लोक मला उलटतपासणीही करतात, आणि करावीच. "पुण्याच्या नीलिमकुमार खैरेंनी काय केलं मग?" हा ठरलेला प्रश्न. १९८० मध्ये पुण्यात खैरे काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास बसले होते आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. नाग, घोणस, पट्टेरी मण्यार असे सगळे एकत्र होते. पण खैऱ्यांना दाखवायचं होतं ते वेगळं. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, माणूस घाबरून काठी उचलतो ते उगाच, हे त्यांना लोकांच्या मनात उतरवायचं होतं, आणि ते उतरलंही. माझ्या पिढीतले कित्येक सर्पमित्र त्या बातमीचीच पैदास आहेत. ती तीन दिवसांची खोली होती, समोर अहोरात्र जागता माणूस होता. साप ठेवायचे कसे याचा तो नमुना नव्हता. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान झालं. सर्पोद्यानात एकेका खंदकात एकाच जातीचे बरेच साप दिसतात, हेही लोक सांगतात. खरं आहे. तिथे जागा किती, बिळं किती, झाडं किती, राखणारे किती, हे मोजा आणि मग दोन फुटी काचपेटीशी ताडून पाहा.

एक मुद्दा मात्र मी मान्य करतो, कारण तो खरा आहे. सगळे साप सदासर्वकाळ एकलकोंडे नसतात. कॅनडातल्या मॅनिटोबात हिवाळा काढायला गार्टर साप हजारोंनी एका बिळात जमतात. २०२० मध्ये कॅनडातल्याच काही संशोधकांनी प्रयोगात दाखवलं की गार्टर सापांची पिल्लं लपायला जागा निवडताना ठरावीक सोबत्यांकडे पुन्हा पुन्हा वळतात. वाचून मला मजा वाटली. आपण सापाला जितका ठोकळा समजतो तितका तो नसावा. पण त्या सापांना निवड होती. कोणाकडे जायचं आणि कोणापासून दूर राहायचं हे ते ठरवत होते. पाळलेल्या सापाच्या वतीनं ते आपण ठरवतो.

पकडणाऱ्याच्या जिवाचाही हिशेब आहेच. बरणीत एक साप असला की झाकण उघडताना तो कुठे आहे हे माहीत असतं. दोन असले की एकावर नजर ठेवताना दुसरा झाकणाच्या कडेला येतो. घोणस, जिला आमच्याकडे परडही म्हणतात, ती पिल्लं देते, अंडी नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पकडलेल्या एका मादीनं माझ्या खोलीत रात्रीतून तीसेक पिल्लं दिली होती. प्रत्येक पिल्लू जन्मापासून विषारी, वीतभर लांबीचं आणि चावायला तयार. त्या बरणीत आणखी एखादा साप असता तर सकाळी काय उघडावं लागलं असतं, याची कल्पना करवत नाही. नागपंचमीला टोपल्या घेऊन फिरणाऱ्या गारुड्यांवर माझा फार राग आहे. नागाचे दात तोडतात, तोंड शिवतात. जप्त झालेल्या नागांची सडलेली तोंडं मी साफ केलीत. पण मी पाहिलेल्या प्रत्येक गारुड्याच्या करंडीत नाग एकच होता. तेवढं त्यालाही कळतं.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडचा कोणताही रानटी साप घरी पाळता येत नाही, एकटा नाही आणि जोडीनंही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि नाग, घोणस, धामण, दिवड हे वाघाच्याच, म्हणजे पहिल्या अनुसूचीत गेले. तिथल्या गुन्ह्याला किमान तीन वर्षं कैद आहे. 'दोन दिवस ठेवतो, पोरांना दाखवतो' म्हणणाऱ्या सर्पमित्रांनीही हे ध्यानात ठेवावं. सर्पमित्राचं ओळखपत्र म्हणजे साप बाळगायचा परवाना नव्हे. बॉल पायथनसारखे परदेशी साप पाळायचे तर केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. खरेदी-विक्री, पिल्लं, मृत्यू, सगळं कळवायचं असतं. जोडी ठेवून पिल्लं झाली की प्रत्येकाचा कागद वेगळा. तो कागद जमला नाही म्हणून रात्री अंबाझरीच्या काठी परका अजगर सोडून द्यायचा विचार कोणाच्या मनात येऊ नये. तसं करणं गुन्हा आहे आणि त्या अजगराचं मरणही.

परदेशी साप घेतला असेलच तर त्याला एकटं ठेवा. लपायच्या जागा दोन द्या, एक गरम बाजूला आणि एक थंड. वजन दर महिन्याला वहीत लिहा. तो कंटाळलाय असं वाटलं तर तो कंटाळा तुमचा आहे असं समजा. दुसऱ्या पेटीला घरात जागा आणि पगारात पैसे नसतील तर दुसरा साप आणू नका. आणि घरात साप निघाला तर तो एकटा असो की दोन दिसोत, ड्रममध्ये, पोत्यात, बादलीत काहीही कोंडू नका. लांबून लक्ष ठेवा, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि फोनवर साप दोन आहेत हे आधी सांगा, म्हणजे येणारा माणूस दोन बरण्या घेऊन येईल.